मधल्या सुट्टीनंतरचा तास: आठवीचा वर्ग कसा हाताळावा

नाशिकच्या पंचवटीत पेठ रोडच्या बाजूला आमची शाळा. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की पाचवा तास सुरू होतो, आणि वेळापत्रक लावणाऱ्यांचा गणितावर काय राग आहे कोण जाणे, तो तास हमखास माझ्याकडे येतो. आठवी ‘क’. पटावर साठच्या आसपास मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलंय, ते वाचायला छान आहे. मुलं खिचडी खाऊन, नळावर ढकलाढकली करून, मैदानातून घामेजून आलेली असतात. नवीन रुजू झालेले शिक्षक अशा वर्गात पहिल्या आठवड्यात घसा बसवून घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात स्टाफरूममध्ये मला विचारतात, “बाई, तुमचा वर्ग गप्प कसा बसतो हो?”

गप्प बसतच नाही तो. आल्या आल्या कामाला लागतो, एवढंच. वर्ग बिघडतो तो मोकळ्या मिनिटांत. शिक्षक तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढत असतात तेव्हा, फळा पुसायचा राहिलेला असतो तेव्हा, आपण पिशवीत पुस्तक शोधत असतो तेव्हा. पस्तीस मिनिटांच्या तासात अशी पाच-सहा मिनिटं सहज निघतात. ती मिनिटं आपण भरली नाहीत तर मुलं भरतात, आणि त्यांच्याकडे कल्पनांचा तुटवडा नसतो. म्हणून शिस्तीचं निम्मं काम आदल्या दिवशी घरी, टाचण काढतानाच उरकायचं असतं.

माझी पद्धत अशी. पिशवीत रोजची एक चिठ्ठी असते, तिच्यावर तीन गणितं. हजेरी क्रमांकाने पाळी ठरलेली. ज्याची पाळी तो सुट्टीच्या आधी माझ्याकडून चिठ्ठी नेतो आणि घंटा झाली की गणितं फळ्यावर उतरवतो. बाकीच्यांनी वही उघडायची आणि सुरू करायचं. मी वर्गात शिरते तेव्हा “बसा खाली, गप्प बसा” यातलं काहीच म्हणत नाही. लाल पेन घेऊन रांगांमधून फिरायला लागते. ज्याचं झालंय त्याच्या वहीवर खूण. कोणी उभा असेल तर त्याच्या शेजारी जाऊन फळ्याकडे बोट. पहिले काही दिवस गोंधळ होतो, चिठ्ठी हरवते, फळ्यावर लिहिणाऱ्याचं अक्षर कुणाला लागत नाही. जून संपेपर्यंत धीर धरा. एकदा घडी बसली की दिवाळीपर्यंत तिच्याकडे बघावं लागत नाही.

या तीन गणितांत खरी मेख आहे. पहिलं इतकं सोपं हवं की वर्गातल्या शेवटच्या मुलालाही यावं. 75 चे 20 टक्के किती, बस. पहिलंच गणित अडलं की त्या मुलाला पुढची दहा मिनिटं काही कामच उरत नाही, मग तो शेजाऱ्याच्या पाठीत पट्टी घालतो आणि आपण म्हणतो वर्गाला शिस्त नाही. दुसरं कालच्या धड्यातलं: 240 ला घेतलं, 300 ला विकलं, शेकडा नफा काढा. तिसरं जरा चवीचं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, काहींचा भाजीचा धंदा आहे. म्हणून मी विचारते, टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला 420 रुपये भाव निघाला, किलो कितीला पडला? मागच्या बाकावरचं पोरगं वही न उघडता “एकवीस” म्हणून मोकळं होतं, आणि पहिल्या बाकावरचे हुशार मागे वळून बघतात. त्या दिवशी त्या पोराकडून मला कसलाही त्रास होत नाही.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, शेवटच्या तासाला पत्रे तापलेले असतात. तेव्हा लेखी कामाचा आग्रह धरू नका. मी तोंडी घेते: सतराचा पाढा उलटा, नाहीतर पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे जुने पाढे. आठवीच्या मुलांनी पावकी ऐकलेलीच नसते, त्यांना ती गंमत वाटते. आजोबांना विचारून येतात आणि दुसऱ्या दिवशी मलाच अडवतात.

फळ्याबद्दल एक सांगायचं तर, वर्गाकडे पूर्ण पाठ करून चार-पाच मिनिटं लिहीत राहू नका. अंग तिरकं ठेवून दोन ओळी लिहा, वळा, एखादा प्रश्न विचारा, पुन्हा लिहा. मोठी आकृती असेल तर ती तास सुरू होण्याआधी काढून ठेवा किंवा एखाद्या मुलीकडून काढून घ्या. आवाजाबद्दलही तेच. आपण आवाज चढवला की वर्ग त्याच्या वर चढवतो, आणि साठ घशांपुढे एक घसा हरणारच. बोलता बोलता मध्येच थांबावं. वाक्य अर्धं सोडून द्यावं. निम्मा वर्ग तरी ‘काय झालं’ म्हणून वर बघतो. मग जिथे कुजबुज चाललीय त्या बाकाशेजारी जाऊन उभं राहायचं आणि उरलेलं वाक्य तिथून पूर्ण करायचं. त्या दोघांकडे बघायचंसुद्धा नाही.

मॉनिटरला पोलीस करू नका

“मी येईपर्यंत बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून ठेव.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत रोज बोललं जात असेल. मी शिकत होते तेव्हाही होतं. त्यातून काय होतं ते बघायचं असेल तर एकदा खिडकीबाहेर उभं राहून बघा. नाव लिहिलं जातं, मग नावापुढे फुल्या पडायला लागतात, एक, दोन, तीन. मित्राचं नाव येत नाही. ज्याच्याशी काल भांडण झालं त्याचं सगळ्यात आधी येतं. नाव पुसून घेण्याचा भाव ठरलेला असतो: मूठभर बोरं, मीठ-मिरची लावलेली कैरीची फोड, नाहीतर विज्ञानाचा गृहपाठ. मुलींची नावं मुलगे लिहितात तेव्हा वेगळंच राजकारण. आणि आपण आत आलो की पहिली पाच मिनिटं कोर्ट भरतं. “बाई, मी बोललोच नव्हतो.” “बाई, मग ह्याचं का नाही लिहिलं?” आपण काय निकाल देणार? आपण तिथे नव्हतोच. तरी देतो. बाई कुणाचं खरं मानतात, एवढं मात्र वर्गाला नीट कळतं.

मी मॉनिटरला माणसांवर लक्ष ठेवायचं काम देतच नाही, वस्तूंचं देते. खडू-डस्टर, खिडक्या, पंख्याची बटणं, वह्या गोळा करून स्टाफरूमपर्यंत पोचवणं, गैरहजर मुलाला काय शिकवलं ते सांगणं. एक मुलगा, एक मुलगी, पंधरा दिवसांनी बदल. पाळी क्रमाने येते. मस्तीखोराला मॉनिटर केलं की तो सुधारतो असा एक जुना तोडगा स्टाफरूममध्ये हमखास सांगितला जातो. कधी सुधारतो. कधी त्याच्या हाती अधिकार येतो आणि लहानखुऱ्या मुलांचे हाल होतात. पाळीने आला तर येऊ द्या, पण इलाज म्हणून नेमू नका.

बसण्याची जागाही अशीच. त्रास देणाऱ्याला उचलून पहिल्या बाकावर बसवतात. त्याला तर ते व्यासपीठच मिळतं, मागे वळलं की सगळा वर्ग समोर. त्यापेक्षा मधल्या रांगेत, जाण्यायेण्याच्या वाटेला लागून बसवा. तिथून आपण दर दोन मिनिटांनी जातो आणि जाता जाता वहीवर बोट ठेवता येतं. माझ्याकडे दर सोमवारी अख्खी रांग एक बाक पुढे सरकते, पहिला बाक मागे जातो. त्यामुळे ‘शेवटचा बाक’ ही कुणाची कायमची मिरास राहत नाही.

शिक्षेचं काय?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याचं कलम 17 सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. केला तर सेवानियमांप्रमाणे शिक्षकावर कारवाई. छडी बहुतेकांनी सोडली. दुसरा भाग मात्र विसरला जातो. “तुझ्या बापाने तरी गणित केलं होतं का” हे वाक्य हात न लावताही छळच आहे. जातीवरून, वस्तीवरून, आईच्या धुणीभांड्यावरून मारलेला टोमणा मूल दहावीनंतरही विसरत नाही. अंगठे धरायला लावणं, वर्गाबाहेर उन्हात उभं करणं, हेही त्याच खात्यात. कुणी म्हणतं, नववी-दहावीची मुलं चौदाच्या पुढची, त्यांना तो कायदा लागत नाही. कायदा बाजूला ठेवा. पंधरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत मारून बघा, मग वर्षभर त्याच्या तोंडून एक उत्तर काढून दाखवा.

मी काय करते? बिघडवलं ते दुरुस्त करायचं. शाई उडवली, तर फडकं आण आणि भिंत पूस, मीही एक फडकं घेते. बाक कोरला, तर पॉलिश पेपर घासायचा. गृहपाठ नाही केला, तर सुट्टीची शेवटची दहा मिनिटं माझ्या शेजारी बसून करायचा. अख्खी सुट्टी कधीच घ्यायची नाही. खिचडी हा त्याचा हक्क आहे, आणि काही मुलांचं ते दिवसातलं पहिलं धड खाणं असतं. शिवाय ज्याची सुट्टी कापली तो पाचव्या तासाला दुप्पट चुळबुळतो, म्हणजे शिक्षा मलाच.

“शंभर वेळा लिहून आण” मात्र अजिबात नको. लिहिणं ही शिक्षा आहे हे आपणच शिकवलं, तर निबंध कोण आनंदाने लिहील? आणि सगळ्या वर्गाला उभं करणं तर सगळ्यात वाईट. एकाने शिट्टी मारली म्हणून साठ जण उभे. शिट्टी मारणाऱ्याचं नाव कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचं बाहेर काय होतं ते मुलांना ठाऊक असतं. इतके दिवस एकमेकांत भांडणारा वर्ग पाच मिनिटांत एक होतो, आपल्या विरुद्ध. शिट्टी कुणाची ते कळलं नाही तर त्या दिवशी सोडून द्यावं. दुसऱ्यांदा वाजते तेव्हा आपण कुठे उभं असायचं हे आपल्या हातात आहे.

तीन-चार मुलं उरतात

वरचं सगळं केल्यावरही प्रत्येक वर्गात तीन-चार मुलं उरतात. त्यांच्यासाठी वर्गात काही उपाय नसतो, वर्गाबाहेर असतो. चारचौघांत त्यांच्याशी वाद घालायचा नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मित्रांसमोर माघार घेणं जमत नाही, आणि आपल्यालाही जमत नाही. “सुट्टीत भेट” एवढंच हळू सांगायचं. भेटल्यावर “असं का केलंस?” असं विचारलं तर खांदे उडवले जातात. “काय झालं होतं?” असं विचारा. उत्तर आलं नाही तर थांबा, जिन्यात उभं राहून दोन मिनिटं काही न बोलताही थांबता येतं. बोलणं झालं की विषय मिटला. दुसऱ्या तासाला, पालकसभेत, पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांना सांगताना तो पुन्हा उकरायचा नाही.

आणि एक छोटी वही ठेवा. तारीख, कितवा तास, काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं. मुलाबद्दल मत लिहू नका, ‘उद्धट’, ‘आळशी’ असले शब्द नकोत. तसले शब्द वर्णनात्मक नोंदींत आपण नाइलाजाने बरेच लिहितो. महिनाभराने वही चाळली की आकार दिसतो. एक मुलगा फक्त फळ्यावरून उतरवून घेताना बडबड करायचा, तोंडी गणितांत कधीच नाही. त्याला फळा दिसत नव्हता, शेजाऱ्याला विचारून लिहीत होता. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं तेव्हा चष्मा लागला, बडबड थांबली. दुसरा एक मखमलाबादकडचा, डिसेंबर-जानेवारीत पहिल्याच तासाला डोकं बाकावर टाकायचा. थंडी कडक पडली की द्राक्षाचे मणी वाचवायला लोक बागेत रात्री शेकोट्या पेटवतात, आणि हा आजोबांबरोबर पहाटेपर्यंत जाळावर लाकडं सारत असायचा. अशा मुलाला झोपू द्यावं. खरंच. वीस मिनिटं झोपला की उरलेला दिवस तो वर्गात असतो.

पेठ-सुरगाण्याकडून मजुरीसाठी आलेल्या घरांतली मुलं जूनमध्ये नवीन दाखल होतात. त्यांच्यातली काही बाईंना सरळ ‘तू’ म्हणतात, “बाई, तू बघ ना.” वर्ग हसतो. त्यांच्या घरी आजीलाही तसंच म्हणतात, यात उद्धटपणा शोधू नका. तुम्ही हसला नाहीत तर वर्गाचं हसणं दोन दिवसांत थांबतं, आणि दिवाळीपर्यंत ते मूल आपोआप ‘तुम्ही’वर येतं.

जप्तीचा माल

संक्रांतीच्या आधी दप्तरांत चक्री आणि मांजा असतो, बोटांवर कापल्याच्या रेषा. एरवी भोवरे, पत्ते, आठवीपासून मोबाइल. जे घेतलं त्यावर नाव आणि तारीख लिहून पाकिटात घालायचं आणि शाळा सुटताना परत द्यायचं. ‘वर्षाच्या शेवटी मिळेल’ असं म्हटलं की ती वस्तू आपल्या कपाटात पडून राहते आणि मुलाच्या लेखी आपण ती चोरलेली असते. दोन अपवाद. मोबाइल पालकांच्या हातात, आणि त्याआधी तो उघडून बघायचा नाही, कितीही कुतूहल वाटलं तरी. नायलॉन मांजा परत नाही. त्यावर बंदी आहे, तो मुख्याध्यापकांकडे जमा.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी नवा धडा सुरू करू नका. नाशिकचा रंग धुळवडीला नसतो, पंचमीला असतो, आणि शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा जुना हौद, उघडली की आमची निम्मी मुलं मनाने तिथेच असतात. दुसऱ्या दिवशी कानामागे रंग घेऊन येतात. त्या दोन दिवसांत उजळणी, कोडी, वह्या पूर्ण करणं.

काही गोष्टी मात्र वर्गाच्या शिस्तीत मोडतच नाहीत, तिथे हुशारी करू नये. दप्तरात तंबाखूची पुडी सापडली, तर ओरडण्याआधी ती कुठून घेतली ते विचारा. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही, आणि गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासूनच बंदी. टपरीचं नाव मुख्याध्यापकांना लेखी द्या. एखाद्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक त्रासाबद्दल काही सांगितलं, तर खरं-खोटं तपासत बसायचं नाही, घरच्यांना बोलावून समेटही करायचा नाही. पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा (चाइल्डलाइन) क्रमांक वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावून ठेवा.

पालकांशी बोलताना

आमच्या पालकांपैकी बरेच जण पहाटे यार्डात असतात, काही जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करतात. सकाळी अकराला फोन केला तर झोपेतून उठलेला बाप तक्रार ऐकतो आणि संध्याकाळी मूल मार खातं. म्हणून जूनमध्येच प्रत्येकाची पाळी आणि फोनची सोयीची वेळ लिहून घेते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणा एका मुलाबद्दल अक्षरही टाकत नाही.

पालकसभेत एक वाक्य ठरलेलं असतं, “बाई, हाणा तुम्ही, आमची काही तक्रार नाही.” हे विश्वासाने म्हटलेलं असतं, त्यामुळे कायदा सांगून त्यांना गप्प करू नये. मी सांगते, मारायचं काम माझं नाही, पण तुम्ही एक करा, रात्री वही उघडून फक्त आजची तारीख आहे का ते बघा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तारीख ओळखता येते. नसेल तर मला मिस कॉल द्या, मी करते फोन.

आणि तक्रार नसतानाही फोन करा. महिन्यातून दोन-तीन घरी पुरे. पहिल्यांदा कराल तेव्हा पलीकडून घाबरून “काय केलं त्याने?” असंच येणार, तेव्हा पहिलं वाक्य आधीच जुळवून ठेवा. मी शक्यतो गणिताचं सांगते: “आज क्रेटचा भाव त्याने सगळ्यांच्या आधी काढला.”